वाचकांचे प्रश्न : तोब्रुकच्या बंदरावरच्या रात्री

मागच्या अंकात लिबियातल्या तोब्रुकच्या पाडावावर लेख होता. २१ जून १९४२ रोजी ते बंदर जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं आणि १३ नोव्हेंबर १९४२ ला ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीने परत घेतलं. मधल्या पाच महिन्यांत इजिप्तमधून निघालेली ब्रिटिश बाँबफेकी विमानं जवळजवळ रोज रात्री त्या बंदरावर येत होती. लेखात याला दोनच ओळी मिळाल्या होत्या, आणि नेमक्या त्यावरच सर्वाधिक पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, तोब्रुकला कैद झाले. ते सांगायचे, "आपल्याच बाजूची विमानं रात्री यायची आणि आम्हीच जमिनीला चिकटून पडायचो." घरात कुणी ते फारसं मनावर घेत नसे. असं खरंच झालं असेल का? (पाटण, जि. सातारा)

झालं असेल. त्यांचं बोलणं घरात लिहून ठेवा, ही आमची विनंती.

तोब्रुकच्या आग्नेय बाजूला अकरावी हिंदी ब्रिगेड होती. तिच्यात कॅमेरन हायलँडर्स आणि सातवी गुरखा रायफल्स यांच्या प्रत्येकी एका पलटणीबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. २० जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आपला सगळा जोर मराठ्यांच्याच आघाडीवर लावला. आधी स्टुका विमानांचा मारा, मग तोफा, मग सुरुंग काढणारे सफरमैना आणि त्यांच्यामागे रणगाडे. १९४१ च्या वेढ्यात कामी आलेला रणगाडाविरोधी खंदक तोवर जागोजागी वाळूने बुजला होता. तिथले बरेच सुरुंग उपसून पश्चिमेकडच्या गझाला आघाडीवर नेले होते. संध्याकाळपर्यंत रणगाडे बंदराच्या धक्क्याला भिडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या फौजेचे प्रमुख जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले.

या कैद्यांना आधी काटेरी तारेच्या उघड्या कोंडवाड्यांत ठेवलं आणि मग ट्रकमधून पश्चिमेकडच्या डेर्ना, बेनगाझी या बंदरांकडे हलवलं. बंदर शत्रूचं झाल्यावर लगेचच ते ब्रिटिश विमानांचं लक्ष्य झालं होतं, आणि पुढे बेनगाझीतही तेच. रात्री तीन हजार मीटरवरून पाहणाऱ्याला कैद्यांचा कोंडवाडा आणि लष्करी तळ सारखेच दिसतात. बाँब बंदरावर नेम धरून टाकला तरी तो किती दूर पडू शकतो, त्याचा हिशेब पुढे दिला आहे. तो वाचल्यावर आजोबा जमिनीला का चिकटत होते ते कळेल.

रात्रीच का? दिवसा लक्ष्य स्पष्ट दिसतं, मग अंधारात एवढी धडपड कशाला? (नाशिक)

पहिलं कारण विमानाचं. हा मारा मुख्यतः ब्रिटिश हवाई दलाच्या २०५ ग्रुप या तुकडीच्या वेलिंग्टन विमानांनी केला. दोन इंजिनं, धातूच्या पट्ट्यांच्या जाळीदार सांगाड्यावर कापड ताणलेलं, बाँबचं ओझं जास्तीत जास्त ४,५०० पौंड, म्हणजे दोन टनांच्या आसपास. सांगाडा इतका चिवट की कापडाला भगदाडं पडली तरी विमान घरी यायचं. पण वेग कमी आणि बचावाच्या मशिनगन तोकड्या. १८ डिसेंबर १९३९ ला जर्मनीच्या किनाऱ्यावर भर दिवसा गेलेल्या २२ वेलिंग्टनपैकी १२ परत आली नाहीत. त्यानंतर लढाऊ विमानांची सोबत नसेल तर त्यांना दिवसा पाठवणं बंदच झालं. १९४२ च्या उन्हाळ्यात पुढची धावपट्टी-मैदानं रोमेलच्या हाती गेल्यामुळे तोब्रुकपर्यंत सोबत करू शकेल असं एका इंजिनाचं लढाऊ विमान ब्रिटिशांकडे उरलं नव्हतं.

दुसरं कारण बंदराचं, आणि ते अनेकदा नजरेतून सुटतं. बंदरात माल उतरवण्याचं काम दिवसा आणि रात्री, दोन्ही पाळ्यांत चालतं. जहाज जितके तास धक्क्याला तितका धोका, म्हणून रात्रीचे तास वाया घालवणं परवडत नाही. रात्री काम करायचं तर दिवे हवेत. विमानांचा आवाज आला की दिवे घालवावे लागतात, क्रेन थांबतात, हमाल आडोशाला पळतात. बाँब एकही नीट लागला नाही तरी ते तास गेलेच. दिवसा फार उंचावरून येण्याचं काम अमेरिकन लिबरेटर आणि फ्लाइंग फोर्ट्रेस विमानांनी उचललं.

अंधारात शेकडो किलोमीटर उडून ते नेमकं बंदर कसं शोधत? रडार होतं का? पायरीपायरीने सांगाल का? (पुणे)

जर्मनीवर जाणाऱ्या विमानांना १९४२ पासून रेडिओ लहरींवर चालणारी मार्गदर्शक यंत्रणा मिळू लागली होती. वाळवंटातल्या वेलिंग्टनना असलं काही नव्हतं. होकायंत्र, घड्याळ, नकाशा, ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट आणि डोळे, एवढ्यावर काम चालायचं.

जुलैपासून ही विमानं सुएझ कालव्याजवळच्या अबू सुवेर, कब्रित, शल्लुफा अशा तळांवरून निघत. तिथून तोब्रुक सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. ताशी २३० ते २४० किलोमीटरने जायला साडेतीन तास आणि यायला तेवढेच. आघाडीवरच्या तोफा टाळायला वाट समुद्रावरून घेत आणि किनारा डाव्या हाताला ठेवत.

मूळ पद्धत अशी, की निघालो ती वेळ, धरलेली दिशा, हवेतला वेग आणि वारा यांवरून "आत्ता आपण इथे असायला हवं" हे नकाशावर मांडत जायचं. यात सगळ्यात दगाबाज वारा. संध्याकाळचा हवामान अंदाज इजिप्तपुरता बरा असे, पण पुढचा प्रदेश शत्रूच्या ताब्यात असल्याने तिथली निरीक्षणं मिळत नसत. म्हणून वाटेत समुद्रावर पेटता तरंगदिवा टाकायचा. शेपटीतला गोलंदाज त्यावर बंदूक रोखून धरी आणि बुरुजाच्या कड्यावरच्या अंशांवरून विमान किती तिरपं वाहत चाललंय ते नॅव्हिगेटरला सांगे. त्यावरून वारा काढायचा आणि दिशा सुधारायची. ज्याने हे दर तासाला केलं तो बंदरावर पोचला, ज्याने आळस केला तो भलत्याच खाडीवर बाँब टाकून आला. दिशेत एक अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर एक मैल बाजूला. ८०० किलोमीटरवर दोन अंशांची चूक म्हणजे जवळपास २८ किलोमीटर.

ताऱ्यांचा आधार होता. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, जरा दुरुस्ती करून. तोब्रुक ३२ अंशांवर आहे. पण इथला किनारा पूर्व-पश्चिम धावतो, त्यामुळे ध्रुव फक्त "समुद्रावर आहोत की जमिनीवर" एवढंच सांगतो, आणि ते डोळ्यांनाही दिसतं. किनाऱ्यावर नेमके कुठे आहोत हे कळायला रेखांश हवा, म्हणजे पूर्वेचा किंवा पश्चिमेचा तारा आणि अचूक घड्याळ. घड्याळ चार सेकंद चुकलं तर या अक्षांशावर दीड किलोमीटर चूक, मिनिटभर चुकलं तर २३ किलोमीटरच्या वर. म्हणून निघण्याआधी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावणं हे पेट्रोल भरण्याइतकंच महत्त्वाचं काम होतं. त्यातही हेलकावणाऱ्या विमानातून बुडबुड्याच्या सेक्स्टंटने घेतलेलं माप दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे झालं तर ते चांगलंच धरत.

शेवटचा टप्पा डोळ्यांचा. सल्लूमला किनारा वळसा घेतो आणि मागे उंच कडा उभा राहतो, ती पहिली खूण. पुढे बार्डियाच्या अरुंद, खोल खाड्या. तिथून साधारण शंभर किलोमीटरवर तोब्रुक. उत्तरेकडून जिभेसारखा आडवा आलेला भूभाग, त्याच्या पोटात चार किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद पाणी, तोंड पूर्वेला. चांदणं असेल तर हा आकार चुकणं अवघड. मात्र चंद्र समोर ठेवून यावं लागतं. पाणी चंद्राच्या दिशेने तोंड करून पाहिलं तर चांदीसारखं चमकतं आणि जमीन काळी दिसते. चंद्र पाठीशी घेतला तर दोन्ही सारखंच करडं. म्हणून अनुभवी माणसं लक्ष्य ओलांडून पुढे जात आणि चंद्राच्या हिशेबाने वळून परत येत.

चंद्र नसेल तेव्हा उजेडबाँब, म्हणजे पॅराशूटला टांगलेल्या, काही मिनिटं जळणाऱ्या मशाली. हे काम ब्रिटिश नौदलाच्या अल्बाकोर विमानांनी फार उत्तम केलं. दुहेरी पंखांचं, दिसायला जुनाट विमान. पण त्यातले निरीक्षक समुद्रावर एकट्याने वाट काढायला शिकलेले आणि विमान सावकाश उडणारं, त्यामुळे ते आधी येऊन उजेड पाडत आणि वेलिंग्टन त्या उजेडात बाँब टाकत. मशाल वाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडायची, म्हणजे जळता जळता ती लक्ष्यावरून वाहत जाते. लक्ष्यावरच सोडली तर निम्मा उजेड समुद्रात. हवेत धूळ किंवा समुद्रावरून आलेला विरळ ढग असेल तर तोच उजेड दुधासारखा पसरतो आणि खालचं काहीच दिसत नाही.

एवढं करून बाँब लागत किती? (डोंबिवली)

धक्क्यासारख्या अरुंद जागेवर थेट लागणारे फार थोडे. साधा हिशेब मांडू.

उंची ३,००० मीटर. बाँब खाली यायला सुमारे २५ सेकंद. विमान ताशी २४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६७ मीटर जातंय. तेव्हा बाँब लक्ष्याच्या दीड किलोमीटरहून जास्त आधी सोडावा लागतो. सोडणाऱ्याचा अंगठा तीन सेकंद उशिरा पडला तर बाँब २०० मीटर पुढे. वाऱ्याचा अंदाज ताशी १५ किलोमीटरने चुकला तर आणखी १०० मीटर. उंचीमापकाची लहानशी चूक या मानाने किरकोळ, वीस-पंचवीस मीटरची. म्हणजे उंचीपेक्षा वारा आणि क्षण यांचं महत्त्व जास्त. नेमयंत्रात विमानाचा वेग, उंची, वाऱ्याची दिशा व वेग आणि बाँबच्या प्रकाराप्रमाणे पडण्याचा वेग भरून ठेवायचे. पण शेवटची काही सेकंदं विमान अगदी सरळ, समपातळीत राहिलं तरच ते यंत्र खरं बोलतं. त्याच सेकंदांत तोफा सर्वांत जास्त पेटलेल्या असतात, आणि चुकायला सुरुवात तिथे होते.

तरी बंदर हे असं लक्ष्य आहे, की जिथे चुकलेला बाँबही अनेकदा वाया जात नाही. पाण्यात जहाजाजवळ फुटला तर पाण्यातून जाणारा धक्का जहाजाचे पत्रे उसवतो. पडाव बुडतात. अर्धवट बुडालेलं जहाज वाट अडवतं. तोब्रुकच्या पाण्यात तर जानेवारी १९४१ पासून बुडालेलं इटालियन क्रूझर सान जॉर्जियो आणि इतर कितीतरी सांगाडे पडून होते. काही बाँबना उशिरा फुटणारे खटके लावत. असा एक बाँब धक्क्यावर पडल्याची नुसती शंका असली तरी ती जागा मोकळी ठेवावी लागे. त्याउलट धक्क्यावरच्या खड्ड्याचं कौतुक करू नये. दगडमाती टाकून तो दुसऱ्या दिवशी बुजतो.

बंदरावरच्या तोफांनी विमानं का पाडली नाहीत? (कोल्हापूर)

पाडली, पण तोफा डागल्या गेल्या त्या मानाने थोडी. जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ मिनिटाला पंधरा-वीस गोळे टाकू शकते. गोळ्याला तीन हजार मीटर उंचीवर, तिरक्या मार्गाने, पोचायला पाच-सात सेकंद लागतात. तेवढ्यात विमान चारशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून विमान आत्ता आहे तिथे नव्हे, तेव्हा जिथे पोचलेलं असेल तिथे गोळा पाठवायचा. वैमानिकाने दर काही सेकंदांनी दिशा आणि उंची थोडी बदलली की हे गणित मोडतं. अडचण फक्त बाँब सोडण्याच्या त्या सरळ धावेत.

दिसत नसलेल्या विमानावर नेम धरता येत नाही, म्हणून बंदराच्या वर ठरावीक उंचीवर सगळ्या तोफांनी एकदम स्फोटांचा पडदा उभा करायचा, अशी रीत होती. बंदर जागचं हलत नाही, येण्याच्या सोयीच्या दिशा दोन-तीनच, त्यामुळे पडदा कुठे धरायचा हे तोफखान्याला पाठ होतं. सर्चलाइटचा धोका वेगळा. एक झोत लागला की बाकीचे त्यावर येऊन मिळतात आणि वैमानिकाचे डोळे दिपून समोरची यंत्रंही दिसेनाशी होतात. उपाय एकच, डोळे आत, यंत्रांवर ठेवून वळत खाली सुटायचं.

गोळ्यांपेक्षाही धूळ आणि थकवा यांनी विमानं खाल्ली असं आम्हाला वाटतं. वाळूची बारीक पूड इंजिनात गेली की सिलिंडर घासतात, तेल जास्त लागतं, ताकद कमी होते. त्यासाठी हवेच्या तोंडावर गाळणी बसवत. ती दर फेरीनंतर धुतली नाही तर इंजिनाचा श्वास कोंडतो. एका इंजिनावर भरलेलं वेलिंग्टन उंची टिकवू शकत नाही आणि परतीची वाट समुद्रावरून आहे, हे ध्यानात घ्या.

या माऱ्याचा प्रत्यक्ष लढाईवर परिणाम झाला का, की नुसतं मनोबल? (रत्नागिरी)

परिणाम झाला, आणि तो टनांत मोजता येतो. तोब्रुकची माल उतरवण्याची क्षमता कागदावर रोज १,५०० टन. प्रत्यक्षात ६०० टनांच्या वर क्वचितच गेली. बेनगाझीची कागदावर २,७०० टन, प्रत्यक्षात ७०० च्या आसपास. वाळवंटात लढणाऱ्या एका यांत्रिक डिव्हिजनला पाणी धरून रोज सुमारे ३५० टन माल लागतो. म्हणजे तोब्रुकमधून दोन डिव्हिजनसुद्धा नीट पोसल्या जात नव्हत्या.

सगळं श्रेय बाँबना देणं मात्र चूक आहे. तोब्रुक मुळात लहान बंदर. किनाऱ्याने जाणारी छोटी जहाजं कमी, पडाव कमी, आणि आधीच्या वर्षी ते ब्रिटिशांच्या ताब्यात असताना जर्मन विमानांनीच त्याची बरीच मोडतोड केलेली. रात्रीच्या हल्ल्यांनी या तुटपुंज्या क्षमतेचे उरलेले तासही खाल्ले.

मग मोठी जहाजं बेनगाझीला किंवा थेट त्रिपोलीला जाऊ लागली, आणि खरा फास तिथे बसला. इजिप्तमधली अल-अलामिनची आघाडी तोब्रुकपासून साडेपाचशे, बेनगाझीपासून हजार आणि त्रिपोलीपासून एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास. तीन टनी ट्रक शंभर किलोमीटरला ३५ लिटर पेट्रोल पितो असं धरा. त्रिपोलीहून जाऊन-येऊन ३,८०० किलोमीटरला १,३३० लिटर, म्हणजे जवळजवळ एक टन. तीन टन पेट्रोल घेऊन निघालेला ट्रक एक टन स्वतःच पितो. वाटेतली गळती, बिघाड आणि हवाई हल्ले वेगळे. आफ्रिकेत उतरवलेल्या इंधनाचा ३० ते ५० टक्के भाग त्रिपोली ते आघाडी या रस्त्यावरच संपत होता असा जो अंदाज दिला जातो, तो या साध्या गुणाकाराशी जुळतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस अल-अलामिनची लढाई ऐन भरात असताना प्रोसेर्पिना आणि तेर्जेस्तेआ ही दोन जहाजं २६ ऑक्टोबरला तोब्रुकच्या तोंडाशी बुडवली गेली. हे टॉर्पेडो आणि बाँब घेऊन समुद्रावर शिकार करणाऱ्या विमानांचं काम. पण बंदरात झटपट शिरून झटपट रिकामं होणं अशक्य केलं होतं म्हणून जहाजं उघड्यावर रेंगाळत होती, हा आमचा निष्कर्ष.

बेनगाझीवरच्या हल्ल्यांना वैमानिक "मेल रन" का म्हणत? (ठाणे)

टपालाच्या गाडीसारखी रोजची, ठरल्या वेळेची फेरी म्हणून. हा शब्द तोब्रुक पडण्याच्या आधीचा, विमानं अलामिनच्या पश्चिमेच्या मैदानांवर उतरून पेट्रोल भरून पुढे जात तेव्हाचा. ती मैदानं गेल्यावर कालव्यापासून बेनगाझी १,२०० किलोमीटर पडू लागलं आणि वेलिंग्टनला तिथे नेता येईल इतक्या बाँबचा खर्च निघेना. ते लक्ष्य लिबरेटरसारख्या चार इंजिनांच्या विमानांकडे गेलं.

रोज ठरल्या वेळी जाण्याचा तोटाही होता. १३-१४ सप्टेंबर १९४२ च्या रात्री समुद्रातून सैनिक उतरवून तोब्रुक उद्ध्वस्त करण्याचा बेत होता. पहारेकऱ्यांनी खंदकात बसावं, समुद्राकडे पाहू नये म्हणून आधी मोठा हवाई हल्ला केला. झालं उलटं. नेहमीपेक्षा कितीतरी मोठा आणि लांबलेला हल्ला पाहून बंदर सावध झालं. सिख, झुलू आणि कॉव्हेंट्री या तीन युद्धनौका आणि शेकडो माणसं गेली.

कैद्यांना बंदरावर राबवलं का? (बेळगाव)

हो. १९२९ च्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांकडून दारूगोळ्याची वाहतूक करून घ्यायला स्पष्ट मनाई होती. तरी तोब्रुकच्या धक्क्यावर, विशेषतः कृष्णवर्णी दक्षिण आफ्रिकी कैद्यांना जहाजं रिकामी करायला लावलं. त्यांच्यातल्या जॉब मासेको यांचं नाव प्रत्येकाला माहीत असायला हवं. जुलै १९४२ मध्ये त्यांनी दुधाच्या रिकाम्या डब्यात बंदुकीची दारू भरली, वात लावली आणि तो डबा जहाजाच्या पोटात पेट्रोलच्या पिंपांजवळ ठेवला. जहाज बुडालं. त्यांना मिलिटरी मेडल मिळालं. रात्रभर शेकडो बाँब पडून जे होत नसे, ते एका माणसाने केलं.

हिंदी कैद्यांवर तर आपल्याच बाजूचा मारा पुढेही चालू राहिला. बेनगाझीहून निघालेल्या नीनो बिक्सिओ या इटालियन जहाजावर १७ ऑगस्ट १९४२ ला ब्रिटिश पाणबुडी टर्ब्युलंटने टॉर्पेडो टाकले. आत कैदी कोंडलेले आहेत हे तिला माहीत नव्हतं. तीनशेहून अधिक कैदी मेले. ११ मे १९४४ ला फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर अमेरिकन बाँब पडले. तिथे हिंदी कैदी होते. अनेक मेले, पण भिंती पडल्यामुळे बाकीचे निसटले आणि सुमारे पाचशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले.

वाळवंटात वर्षानुवर्षांनी सापडलेलं विमान याच हल्ल्यांतलं का? (औरंगाबाद)

नाही. "लेडी बी गुड" नावाचं ते अमेरिकन लिबरेटर ४ एप्रिल १९४३ रोजी बेनगाझीजवळच्या सुलूकहून नेपल्सवर गेलं होतं. पण कारण समजून घेण्यासारखं आहे. परतताना रात्री त्यांनी तळाकडे रेडिओवरून दिशा मागितली. कडीच्या आकाराच्या अँटेनाने घेतलेली दिशा समोरची आणि पाठीमागची अशी दोन्ही असू शकते. तळ मागे पडला होता आणि त्यांना तो पुढे आहे असं वाटलं. ते सातशे किलोमीटर आत वाळवंटात गेले. तेलाचा शोध घेणाऱ्यांना १९५८ मध्ये विमान दिसलं, माणसं नंतर सापडली. समुद्रावरून येताना किनारा ओलांडल्याची वेळ नोंदणं वेलिंग्टनवाले का सोडत नसत, ते यावरून कळतं.

या मोहिमेचा हिंदुस्थानशी हवाई संबंध काही? (मुंबई)

आहे. जून १९४२ च्या अखेरीस अमेरिकन जनरल ब्रेरटन हिंदुस्थानातली फ्लाइंग फोर्ट्रेस विमानं घेऊन मध्यपूर्वेत गेले आणि त्यांनीही तोब्रुकवर बाँब टाकले. उलट, हिंदुस्थानकडे निघालेल्या १५९ आणि १६० या दोन ब्रिटिश लिबरेटर स्क्वाड्रन त्या उन्हाळ्यात तिथेच थांबवून घेतल्या. १५९ पुढे बंगालमध्ये आली आणि सालबनीसारख्या तळांवरून, अकराशे किलोमीटरहून लांब असलेल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या रंगूनवर जाऊ लागली. तिथे प्रश्न निराळा होता. रंगून समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत, नदीवर आहे. त्यामुळे धक्क्यापेक्षा नदीच्या अरुंद वाटेत सुरुंग टाकणं जास्त फायद्याचं. त्यावर पुढे स्वतंत्रपणे लिहू.

आजोबांची नोंद शोधायची तर सुरुवात कुठून करावी? (कराड, सांगली आणि आणखी तिघे)

आधी घरातली ट्रंक. पदकांच्या कडेवर कोरलेला नंबर, पेन्शनचं पुस्तक, कैदेतून आलेलं छापील पोस्टकार्ड यांपैकी काहीही असेल तर लष्करी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकानिशी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला लिहा. कैदेची नोंद जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अभिलेखागारात असू शकते, मात्र ते अर्ज ठरावीक काळातच घेतात. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. ज्यांची कबर नाही त्यांची नावं अल-अलामिनच्या स्मारकावर आहेत. पलटणीची रोजनिशी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १६९ या मालिकेत आणि विमानांच्या स्क्वाड्रनच्या नोंदी एअर २७ मध्ये मिळतात. कुठल्या रात्री किती विमानं तोब्रुकवर गेली, हे त्या दुसऱ्या मालिकेत तारखेनिशी आहे.

नावावर विसंबू नका. "शिंदे", "जाधव", "पवार" यांची इंग्रजी स्पेलिंग्ज कारकुनागणिक बदलली आहेत, आणि वडिलांचं नाव कधी आडनावाच्या जागी गेलं आहे. क्रमांक, पलटण, गाव आणि तेव्हाचा तालुका, या चारांपैकी तीन जुळले तरच माणूस आपला धरा.